संशोधनलेखांचा शोध, इतिहासविषयक (कर्वेनगर, पुणे)

कर्वेनगर व तेथील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावरील अभ्यासपूर्ण लेख विद्यापीठ ग्रंथालयातून मिळवण्याची पद्धत. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथे आला आणि १९१६ मध्ये येथेच भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. त्यामुळे ‘कर्वेनगर’ एवढाच शब्द देऊन शोधल्यास जुने लेखन निसटते. ‘हिंगणे’, ‘पूना’, ‘हिंदू विडोज होम’, ‘इंडियन विमेन्स युनिव्हर्सिटी’ ही नावेही घालून पाहावीत. ‘हिंगणे’चे रोमन स्पेलिंग तर लेखागणिक बदलते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे (स्थापना १९४९) ग्रंथालय गणेशखिंडीत असून ते पहिले कुलगुरू मु. रा. जयकर यांच्या नावाने ओळखले जाते. नव्या विद्यार्थ्याची गाडी बहुधा येथेच अडते: ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक व नियतकालिक सापडते, त्यातला लेख सापडत नाही. लेखाच्या शीर्षकासाठी ‘जेस्टोर’सारखे संग्रह पाहावे लागतात. भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ आणि भारतीय इतिहास परिषदेची कार्यवृत्ते तेथे आहेत. या परिषदेचे पहिले अधिवेशन १९३५ मध्ये पुण्यातच भरले होते. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार सर्वांना खुले आहे. स्त्रीशिक्षणावरचा एखादा चांगला प्रबंध उघडून त्याच्या तळटीपा वाचणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. संगणकावरच्या शोधात न येणारे लेख तेथे खंड, अंक आणि पृष्ठांसह मिळतात.

मराठी लेखांची वाट वेगळी आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाची (स्थापना १९१०) इतिवृत्ते व त्रैमासिक यांना पर्याय नाही, परंतु जुन्या अंकांवर शकाचे वर्ष असते. ‘शके १८३७’ असे छापलेले इतिवृत्त १९१५ टाकून शोधल्यास मिळेलच असे नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्चमधील मजकुरासाठी ७९ मिळवावे लागतात.

हाती आलेले सर्वच लेखन संशोधन नसते. संस्थांच्या स्मरणिकांत जिव्हाळा असतो, छायाचित्रे असतात, पण आधार क्वचित दिलेले असतात. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) हे मूळ साधन आहे आणि ते संशोधनलेखाशेजारी ठेवूनच वाचावे. विद्यापीठात नसलेला अंक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतो. अशी मागणी करताना नियतकालिकाचे पूर्ण नाव, खंड, अंक, वर्ष व पृष्ठे लिहून द्यावीत.