नावाआधीची चांदणी

आमच्या बॅचला पस्तीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेसाठी नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नाव, गाव, हुद्दा, मुलंबाळं. चार महिने फोन करकरून यादी जमवली, छापली, पोस्टानं धाडली. पंधरा दिवसांनी एका मित्राच्या पत्नीचा फोन आला. "भाऊजी, यादी पोचली. ह्यांचं नाव छान छापलंय. पण हे जाऊन दोन वर्षं झाली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त मला ते सांगायचं होतं. त्याच्या नावाआधी 'कै.' लावायला हवं होतं आणि आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर जगात इतर लोक अशा याद्या कशा ठेवतात हे शोधायचा मला नादच लागला. अमेरिकी विद्यापीठांच्या नियतकालिकांत मागच्या पानांवर एक सदर असतं: अमक्या सालचा तमका न्यायाधीश झाला, तमकीला जुळं झालं, फलाण्यानं तिसरं लग्न केलं, अमुक निवर्तले. त्याला ते 'क्लास नोट्स' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की सरांनी उतरवून दिलेल्या वह्याच डोळ्यांपुढे येतात, म्हणून मी त्याला बॅचवार्ता म्हणतो. पुष्कळ वाचक अंक हाती आला की मागूनच उघडतात, आधी आपलं साल शोधतात. हे सदर आलं कुठून, याचं उत्तर मला जिथे सापडलं तिथे बातमीचं एकही वाक्य नव्हतं. सापडली ती एक चांदणी.

हार्वर्ड कॉलेज दर तीन वर्षांनी आपल्या सगळ्या पदवीधरांची यादी छापत असे. ती लॅटिनमध्ये असे, त्यामुळे त्यात जॉनचा योहानेस आणि विल्यमचा गुलिएल्मस होई. यादीची सुरुवात १६४२ च्या पहिल्या तुकडीपासून. नऊ जण. त्यांतला एक जॉर्ज डाउनिंग, ज्याच्या नावाच्या लंडनमधल्या गल्लीत आज ब्रिटनचा पंतप्रधान राहतो. या यादीत जो वारला त्याच्या नावाआधी एक चांदणी छापत. चांदणीवाल्यांसाठी लॅटिन शब्द होता 'स्टेलिगेरी', म्हणजे तारा वाहणारे, आणि ते जिवंतांतून निघून गेले अशी एका ओळीची नोंद असे. जुन्या वर्गांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चांदण्याच चांदण्या. अलीकडच्या सालांकडे यावं तशा त्या विरळ होत जातात आणि शेवटच्या वर्गांत एकही नसते.

इथेच मी अडकलो, कारण नीट पाहिल्यावर दिसलं की यादी एवढंच सांगून थांबत नाही. धर्मोपदेशक झालेल्याचं नाव तिरप्या टाइपात असे. गव्हर्नरपदासारख्या मोठ्या हुद्द्यावर चढलेल्याचं नाव मोठ्या अक्षरांत. म्हणजे तिरपी अक्षरं ही नोकरीची बातमी, मोठी अक्षरं ही बढतीची बातमी आणि चांदणी ही मृत्यूची बातमी. वाक्य एकही नाही, टंकांच्या खणांतून उचललेली तीन चिन्हं. आजच्या बॅचवार्तेचा जवळजवळ सगळा ऐवज त्यांत आहे.

फक्त एक गोष्ट कमी पडत होती. लग्न, मूलबाळ, घर. तीही सापडली, आणि ती अगदी भलत्या ठिकाणी.

आधी हे पाहू की यादी तीन वर्षांनीच का निघे. दोन का नाही, पाच का नाही? उत्तर एम. ए.च्या पदवीत आहे. हार्वर्ड आणि येल या दोन्ही ठिकाणी बी. ए. होऊन तीन वर्षं लोटली की एम. ए. मिळे. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यासाठी वेगळ्या अभ्यासाचा मागमूस उरला नव्हता. हयात असावं, फी भरावी, पदवीदानाला यावं. ही रीत इंग्लंडहून आली होती. ऑक्सफर्डमध्ये आजही प्रवेशापासून एकवीस सत्रं सरली की बी. ए.चा एम. ए. होतो. हार्वर्डनं ही वाट १८७२ मध्ये बंद केली, येलनं त्याच सुमारास. पण तोवर दोनेकशे वर्षं, दर उन्हाळ्यात, तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तुकडी पदवी घ्यायला परत येत होती. पहिला स्नेहमेळावा भरला तो प्रेमापोटी नव्हे, प्रमाणपत्रापोटी. प्रेम त्या निमित्तानं मागून आलं.

आता १८५१ मध्ये बेंजामिन होमर हॉल या हार्वर्डच्या तरुणानं जमवलेला 'कॉलेज वर्ड्स अँड कस्टम्स' हा कॉलेजी शब्दांचा आणि चालीरीतींचा कोश उघडावा. त्यात येलच्या एका चांदीच्या पेल्याची नोंद आहे. एम. ए. घ्यायला परतलेल्यांत जो सगळ्यांत आधी बाप झाला असेल त्याला वर्गातर्फे हा पेला द्यायचा. पुढे त्या पोराला सगळ्या वर्गाचा पोरगा, 'क्लास बॉय', म्हणू लागले. विचार करा, हा पेला द्यायचा तर आधी काय कळायला हवं? कुणाचं लग्न झालं, कधी झालं, मूल झालं का, कुठल्या तारखेला. पेल्यासाठी कुणाला तरी पत्रं लिहावीच लागणार. चांदणीसाठीही तेच, कोण गेला याची विचारपूस. वर्गाचा चिटणीस नावाचा जो माणूस आज बॅचवार्ता गोळा करतो, त्याच्या हातात पहिलं टपाल या दोन कामांनी दिलं असं माझं म्हणणं आहे. एका टोकाला पाळणा, दुसऱ्या टोकाला चांदणी. मधली नोकरीची, बदलीची, घर बांधल्याची वाक्यं नंतर भरली गेली.

याला विरोधी मत आहे आणि ते भक्कम आहे. जाणकार म्हणतील, बॅचवार्ता हे वर्गणीचं अपत्य. येलनं माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी १८९० मध्ये सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तिथलं माजी विद्यार्थ्यांचं साप्ताहिक निघालं. हार्वर्डचं पदवीधरांचं त्रैमासिक १८९२ चं, प्रिन्स्टनचं साप्ताहिक १९०० चं. आधी ख्यालीखुशाली छापायची, मग देणगीचा अर्ज पाठवायचा. त्याही आधी, १८२१ मध्ये, विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थी घेऊन ॲमहर्स्टला निघून गेले तेव्हा कॉलेज मोडू नये म्हणून जुने विद्यार्थी एकत्र आले. माजी विद्यार्थ्यांचा पहिला संघ तो हाच, म्हणजे तिथेही कारण संस्था तगवण्याचं. हे सगळं खरं. पण निधीनं सदराला पैसा आणि कागद दिला, सवय दिली नाही. १८९० पूर्वी कित्येक पिढ्या लोक चांदण्या मोजत होते. पैसे मागायला पत्ता लागतो, आणि पत्ता आधीच कुणीतरी राखून ठेवला होता.

त्या राखणाऱ्याचं नाव जॉन लँग्डन सिब्ली. जन्म १८०४, मेन राज्यातल्या युनियन गावचा, एका डॉक्टरचा मुलगा. फिलिप्स एक्सेटर शाळेत धर्मादाय मदतीवर शिकला आणि पुढे त्याच शाळेला स्वतःची पुंजी देऊन गेला. १८२५ चा हार्वर्डचा पदवीधर, नंतर तिथलाच ग्रंथपाल. १८४२ पासून त्रैवार्षिक यादी त्याच्याकडे आली. एखाद्या नावाआधी चांदणी लावायची की नाही हे ठरवायला तो गावोगाव पत्रं धाडी, चर्चच्या वह्या आणि जुनी वर्तमानपत्रं चाळी. चांदणीसाठी जमवलेल्या या मजकुराचा इतका ढीग झाला की १८७३ मध्ये त्यानं हार्वर्डच्या पदवीधरांच्या चरित्रांचा पहिला खंड काढला. तीन खंड झाले आणि हयातभर खपून तो १६८९ च्या वर्गापर्यंतच पोचला. बॅचवार्ता इतक्या मनापासून दुसऱ्या कुणी लिहिल्याचं मला ठाऊक नाही, आणि त्याच्या बॅचवार्तेतली सगळी माणसं त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी वारलेली.

आता चांदणीच्या कोड्याकडे. मृत्यूला चांदणीच का?

जर्मन वंशावळ्यांत चांदणी म्हणजे जन्म आणि क्रूस म्हणजे मृत्यू. छापखान्यात क्रूसासारखं दिसणारं कट्यारीचं चिन्ह असतंच, मग हार्वर्डनं ते का घेतलं नाही? पहिलं उत्तर सरळ आहे: टिपांच्या खुणांत चांदणी पहिली, कट्यार दुसरी. मुद्रकाला एकच खूण हवी होती, त्यानं पहिली उचलली. अलेक्झांड्रियाच्या पंडितांपासून ही दोन्ही चिन्हं ओळींच्या कडेला उभी असत आणि मृत्यूशी त्यांचा काही संबंध नव्हता, हेही खरं.

माझं उत्तर वेगळं आहे. हार्वर्ड काढलं ते प्युरिटन लोकांनी, आणि त्यांना क्रूस म्हणजे पोपची मूर्तिपूजा वाटे. कॉलेज स्थापन होण्याच्या दोन वर्षं आधी, १६३४ मध्ये, सेलमच्या जॉन एन्डिकॉटनं इंग्लंडच्या निशाणातला लाल क्रूस कापून काढला होता. त्यांच्या जुन्या थडग्यांवर पंखांची कवटी कोरलेली दिसते, क्रूस दिसत नाही. थडग्यावर जे चालत नव्हतं ते नावाआधी चालणार कसं? उलट सज्जन मरणोत्तर ताऱ्यांसारखे चमकतील ही कल्पना त्यांच्या बायबलात, दानिएलच्या पुस्तकात, होतीच. आणि नुसती टिपेची खूण असती तर 'तारा वाहणारे' असं सुंदर नाव कुणी कशाला दिलं असतं? ज्यानं ते दिलं त्याला ती खूण आकाशातली दिसत होती. मुद्रकाची सोय आणि प्युरिटनांची नावड, दोन्ही एकाच खणात पडल्या असाव्यात. गेलेल्या आजीला आकाशात दाखवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला तर हे पटवून द्यावं लागू नये.

पेल्यामागची ती लग्नाची, मुलाबाळांची बातमी एकदा पुरावा म्हणूनही उभी राहिली. १८७३ मध्ये बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी लिहिलं की कॉलेजात शिकलेल्या मुलींची प्रकृती ढासळते, त्यांची मातृत्वाची शक्ती खुंटते. पदवीधर स्त्रियांनी १८८२ मध्ये संघटना उभारली आणि आपल्यासारख्या इतर स्त्रियांना प्रश्नावली पाठवली: प्रकृती कशी आहे, लग्न झालं का, मुलं किती, ती कशी आहेत. ७०५ जणींची उत्तरं आली. १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयानं ती छापली. शिक्षणानं प्रकृती ढासळते असं त्यांतून एकंदरीत दिसलं नाही. पुरुषांच्या यादीत मूल झालं की पेला मिळे, इथे मूल झाल्याची बातमी शिकण्याच्या हक्काचा दाखला झाली. याच वर्षांत कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयात शिकत होत्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समोर बसल्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत आनंदीबाई गेल्या.

शब्दांबद्दलही सांगायलाच हवं. 'अलम्नस' हा लॅटिन शब्द 'अलेरे' या धातूचा, म्हणजे पोसणं. रोमन लोक तो पोसलेल्या पोराला वापरत. आपण म्हणतो 'माजी विद्यार्थी', आणि 'माजी' हा अरबी शब्द फारसीतून आलेला, अर्थ नुसता 'होऊन गेलेला'. तिकडे नातं आहे, इकडे काळ आहे. संस्कृतात एका गुरूच्या शिष्यांना 'सतीर्थ्य' म्हणत, पाणिनीनं त्यासाठी नियम दिला आहे, पण तो शब्द आपण पोथीतच ठेवला. बोलताना म्हणतो 'आमची बॅच', आणि बॅच म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेले पाव. मराठीत घाणा. एका घाण्याचे आपण.

मग आपल्याकडे ही चाल आपसूक का उगवली नाही? माझा तर्क असा की मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर निघालं आणि ते परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. १८६२ मध्ये पहिले चार बी. ए. झाले: रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. एम. ए. हवं तर पुन्हा परीक्षा. तीन वर्षांनी सगळी तुकडी मिळून परतायचं कारणच नव्हतं, म्हणून पेला नाही, चिटणीस नाही, चांदणी नाही.

चिन्हं मात्र आपल्याकडे भरपूर होती, ती लग्नपत्रिकेत राहिली. चि., सौ. कां., सौ., गं. भा., कै., ह. भ. प., रा. रा. 'सौ.' वाचलं की नवरा हयात आहे हे कळतं, 'गं. भा.' वाचलं की तो गेल्याचं कळतं. दोन अक्षरांत सगळ्या घराची हकिकत. माझी आई आलेली पत्रिका मुहूर्तापासून वाचत नसे, नावांआधीच्या अक्षरांपासून वाचायची, आणि मध्येच थांबून म्हणायची, "अगं बाई, हे कधी गेले?"

सिब्ली ९ डिसेंबर १८८५ ला वारला. त्यानं आपली मालमत्ता मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिली ती चरित्रं पुढे चालू राहावीत म्हणून, आणि १९३३ मध्ये क्लिफर्ड शिप्टन यांनी चौथा खंड काढला. तेव्हा १८२५ च्या वर्गात सिब्लीच्या नावाआधीही चांदणी होती.

आमच्या यादीची दुसरी प्रत मी या दिवाळीत काढली. त्या मित्राच्या नावाआधी 'कै.' आलं. पुढे गाव, हुद्दा होतेच, आणि त्याच्या पत्नीनं फोनवर सांगितलं म्हणून आणखी एक ओळ: मुलीला मुलगा झाला, नाव आजोबांचं ठेवलंय.