एकट्याने प्रवास: एकांत कधी संपतो आणि एकटेपणा कधी सुरू होतो?

सोलो ट्रिपचं तिकीट काढताना मोकळं वाटतं. तिसऱ्या संध्याकाळी मात्र हॉटेलात 'किती जण?' असं विचारल्यावर 'एकच' म्हणताना अनेकांना अचानक पोरकं वाटू लागतं. असं का होतं?

दोन्हींत फरक काय?

एकांत आपण स्वतःहून निवडतो. एकटेपणा ही भावना आहे. आपल्याला हवी असलेली सोबत आणि प्रत्यक्षात मिळणारी सोबत यांतली तफावत म्हणजे एकटेपणा, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. म्हणूनच तो गर्दीतही गाठतो आणि निर्जन जागी जाणवेलच असं नाही.

एकाच शर्यतीतले दोन शेवट

१९६८ मध्ये ब्रिटनमध्ये 'गोल्डन ग्लोब' शर्यत सुरू झाली. शिडाच्या बोटीतून, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. नऊपैकी फक्त रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी परतले.

फ्रान्सचे बर्नार्ड मॉइटेसिए जिंकण्याच्या शर्यतीत होते. पण समुद्रातला एकांत त्यांना इतका मानवला, की ते शर्यत सोडून थेट ताहितीला गेले. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीला मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची बोट सदोष होती. माघार घेतली तर आर्थिक नुकसान आणि नाचक्की होणार होती. म्हणून ते अटलांटिकमध्येच थांबून आपल्या ठिकाणाची खोटी माहिती कळवत राहिले. खरी परिस्थिती कुणालाच सांगता येत नव्हती. १० जुलै १९६९ रोजी त्यांची बोट रिकामी सापडली. ढासळत गेलेली मनःस्थिती त्यांच्या नोंदवह्यांत दिसते.

सोबत नसतानाही साथ

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून ते १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत त्यांनी चार बंदरांत मुक्काम केला. 'म्हादेई' ही त्यांची बोट गोव्यात बांधली होती. बोटीवर ते एकटे असले, तरी मोहिमेमागे नौदल होतं.

मग प्रवासात काय करावं?

- फिरण्यात दिवस जातो, संध्याकाळ खायला उठते. त्या वेळेसाठी काहीतरी ठरवून ठेवा.
- खानावळ किंवा होमस्टे निवडा. तिथे दोन शब्द सहज बोलले जातात.
- घरच्या एका माणसाला रोज ठावठिकाणा कळवा आणि खरं काय वाटतंय तेही सांगा. मन उदास असताना 'मस्त चाललंय' असे फोटो टाकत राहिलं, की एकटेपणा वाढतो.
- करमत नसेल तर लवकर परता. त्यात हार नाही.

परतल्यावरही उदासी टिकून राहिली, तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.