गोंदियाची विडी आणि तेंदूचं झाड

गोंदियाचा विडीधंदा रेल्वेमुळे वाढला, असं मानतात. ते अर्धंच खरं आहे. रेल्वेने बाहेरून तंबाखू आणला, विड्या दूरवर नेल्या. पण रूळ तर असंख्य गावांतून गेले होते. गोंदियाभोवतीच्या पानझडी रानात मात्र तेंदू मुबलक होता. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने 1795 मध्ये या झाडाला डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन हे शास्त्रीय नाव दिलं; झाड लाकडासाठी नावाजलेल्या आबनूसाच्याच कुळातलं. व्यापाराने मात्र त्याचं लाकूड सोडून पान निवडलं. विडी तर आपट्याच्या पानातही वळत, मग तेंदूच का? त्याचं पान रुंद, लवचीक. आणि छाटल्यावर बुंध्यातून, मुळांतून नवे धुमारे फुटतात. त्यांचीच कोवळी पानं उन्हाळ्यात मजूर, बहुधा आदिवासी बाया, भल्या पहाटे तोडतात. धंद्याच्या इतिहासात त्यांचं नाव अजून यायचं आहे.