ॲम्बॉय : हायवेने टाकलेलं गाव

जोशुआ ट्री पार्क बघून लास वेगसला निघालं की मोहावी वाळवंटात ॲम्बॉय नावाचं गाव लागतं. गाव म्हणायचं ते आपलं सवयीने. एका बाजूला रेल्वेलाईन, पलीकडे ब्रिस्टल नावाचं कोरडं मिठाचं तळं आणि रस्त्याकडेला चार-दोन इमारती. आमचा तिथे थांबायचा काही विचार नव्हता. पण बऱ्याच लांबून एक पन्नास फुटी पाटी दिसायला लागली : 'रॉईज'. थांबलो! म्हणजे पाटीने तिचं काम चोख केलं.

हे गाव आधी रेल्वेचं. १८८३ मध्ये इथून लाईन गेली तेव्हा स्टेशनांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं दिली. 'ए'चं ॲम्बॉय, 'बी'चं ब्रिस्टल, 'सी'चं कॅडिझ, 'डी'चं डॅन्बी... (आपण प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबल्सना नावं देतो, अगदी तसंच.) १९२६ मध्ये शिकागो ते लॉस एंजेलिस असा 'रूट ६६' जाहीर झाला आणि तो या गावातून गेला. १९३८ मध्ये रॉय क्राउलने इथे पेट्रोलपंप टाकला. पुढे त्याचा जावई बस्टर बरिस हाताशी आला. मग गॅरेज झालं, कॅफे झाला, मुक्कामासाठी पांढऱ्या खोल्यांची रांग उभी राहिली. वाळवंटात गाडी तापायची, टायर फुटायचे. दुरुस्ती होईपर्यंत जेवण, आणि उशीर झालाच तर खोली. सगळा हिशोब असा सरळ होता.

ती पाटी १९५९ ची. मोटेलच्या ऑफिसचं छपरूसुद्धा तसंच तिरकं, पुढच्या बाजूला वर उचललेलं, खाली मोठाल्या काचा. या शैलीला 'गूगी' म्हणतात. लॉस एंजेलिसमधल्या 'गूगीज' नावाच्या कॉफी शॉपवरून हे नाव पडलं (गूगलचा काही संबंध नाही!). मला आधी हा सगळा निव्वळ दिखावा वाटला होता. तिथे उभं राहिल्यावर कळलं की ही इमारत पायी चालणाऱ्यासाठी नाहीच. भरधाव गाडीतल्या माणसाला ब्रेक दाबायचा की नाही हे ठरवायला काही सेकंदच मिळतात, त्या सेकंदांसाठी ती बांधलेली आहे.

मग १९७३ मध्ये उत्तरेला साधारण पंधरा-वीस किलोमीटरवर इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि गाड्या तिकडून जायला लागल्या. इथलं काहीच बिघडलं नव्हतं. पंप चालू, खोल्या तयार, पाटी जागेवर. फक्त राउटिंग बदललं. शाळा १९९९ मध्ये बंद झाली. तिची इमारत अजून उभी आहे, चर्चही आहे.

मला अस्वस्थ करतं ते हे की चूक कोणाचीच नव्हती. इंटरस्टेट सरळ, रुंद आणि जास्त सुरक्षित. ती ड्रॉईंग्ज माझ्यापुढे आली असती तर मीही सही केली असती. किती मिनिटं वाचली ते त्या हिशोबात मांडता येतं. रॉयच्या कॅफेत रात्रपाळी करणाऱ्या माणसासाठी मात्र त्यात रकानाच नसतो. आम्हीही ऑफिसात एखादी जुनी सिस्टिम बंद करतो, सगळे आकडे सुधारतात, टाळ्या वाजतात. तिच्यावर कोण अवलंबून होतं हे नंतर कोणीतरी फोन करून सांगतं.

२००५ मध्ये आल्बर्ट ओकुरा या 'हुआन पोयो' चिकन रेस्टॉरंटवाल्याने अख्खं गाव ४ लाख २५ हजार डॉलर्सना विकत घेतलं. (इथे एवढ्या पैशात गाव!) २००८ मध्ये पंप परत सुरू झाला, २०१९ मध्ये पाटीचे निऑन दिवे पुन्हा लागले. ओकुरा २०२३ मध्ये गेले.

आता लोक थांबतात ते पाटीचा फोटो काढायला. पूर्वी पाटी खोलीकडे बोट दाखवायची, आता ती स्वतःकडेच दाखवते. याला वाचणं म्हणायचं का? मला वाटतं, हो, अर्धं तरी. शेजारचा पंप चालू आहे आणि जोशुआ ट्री ते वेगस एवढ्यापुरतं का होईना, ॲम्बॉय अजून जवळच्या रस्त्यावर आहे.

आम्ही पेट्रोल भरलं, रूट बिअर घेतली आणि निघालो. थोडं पुढे जाऊन इंटरस्टेट लागला. दहा मिनिटांत आम्हीही बाकीच्यांसारखेच, सुसाट.