अव्यक्त अवकलन

अव्यक्त अवकलन ही कलनशास्त्रातील एक पद्धत आहे. क्ष आणि य या दोन चलांमधील संबंध समीकरणाने दिलेला असताना, य ची किंमत क्ष च्या रूपात सोडवून न घेता य चा क्ष-सापेक्ष अवकलज (य′) त्या समीकरणातूनच काढण्यासाठी ती वापरतात. य = क्ष² + १ हे फलन व्यक्त स्वरूपात आहे, कारण येथे य एकटा डाव्या बाजूस आहे. क्ष² + य² = २५ या वर्तुळाच्या समीकरणात मात्र तो क्ष बरोबर गुंतलेला आहे; अशा वेळी य हे क्ष चे अव्यक्त फलन आहे असे म्हणतात.

== मूळ कल्पना ==

वरील संपूर्ण वर्तुळ हा एका फलनाचा आलेख नाही, कारण क्ष = ३ असताना य = ४ आणि य = −४ अशा दोन किमती मिळतात. परंतु (३, ४) या बिंदूजवळचा वर्तुळाचा लहानसा कंस घेतल्यास त्यावर प्रत्येक क्ष ला एकच य मिळतो. त्या कंसापुरते य हे क्ष चे फलन ठरते. मग क्ष² + य² ही संपूर्ण डावी बाजूसुद्धा केवळ क्ष वर अवलंबून राहते आणि कंसावर सर्वत्र तिची किंमत २५ असते. जे फलन एखाद्या अंतरालात स्थिर आहे, त्याचा अवकलज तेथे शून्य असतो. य² चे अवकलन साखळी नियमाने २य·य′ असे होत असल्यामुळे

२क्ष + २य·य′ = ०, म्हणजेच य′ = −क्ष/य

(३, ४) येथे स्पर्शिकेचा चढ −३/४ येतो, तर (३, −४) येथे ३/४. एकाच सूत्राने दोन्ही कंसांचे काम भागते. कोणता कंस अभिप्रेत आहे हे य च्या किमतीवरून कळते.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अवकलन करण्याची मुभा नेमकी कशामुळे मिळते, हा येथील कळीचा प्रश्न आहे आणि पाठ्यपुस्तकी सरावात तो बहुधा दुर्लक्षित राहतो. क्ष² = २क्ष या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अवकलन केल्यास २क्ष = २, म्हणजे क्ष = १ असे येते; पण मूळ समीकरणाची उत्तरे ० आणि २ आहेत. हे समीकरण केवळ दोन सुट्या बिंदूंवर सत्य आहे आणि एखाद्या बिंदूवर दोन फलनांच्या किमती सारख्या असल्या, तरी त्यांच्या बदलाचे दर सारखे असतीलच असे नाही. वर्तुळाच्या बाबतीत समता संपूर्ण कंसावर टिकते, म्हणून ती कृती वैध ठरते.

== उदाहरण ==

क्ष³ + य³ = ६क्षय हा वक्र ‘देकार्तचे पर्ण’ या वक्रकुलातील आहे. क्ष = ३ घेतल्यास य च्या तीन किमती मिळतात : ३, सुमारे १.८५ आणि सुमारे −४.८५. य सोडवण्यासाठी त्रिघाती समीकरणाचे किचकट सूत्र लागते. अव्यक्त अवकलनाने, उजव्या बाजूस गुणाकाराचा नियम लावून,

३क्ष² + ३य²·य′ = ६य + ६क्ष·य′
य′ = (२य − क्ष²) / (य² − २क्ष)

या सूत्रावरून वरील तीन बिंदूंवरील चढ अनुक्रमे −१, सुमारे २.०७ आणि सुमारे −१.०७ येतात.

== मर्यादा ==

य हे क्ष चे अवकलनीय फलन आहे, हे या पद्धतीत आधीच गृहीत धरलेले असते; पद्धत ते सिद्ध करत नाही. क्ष² + य² = −१ या समीकरणापासूनही य′ = −क्ष/य हेच सूत्र यांत्रिकपणे मिळते, मात्र त्याचे समाधान करणारा एकही वास्तव बिंदू नाही. वर्तुळावरील (५, ०) येथे सूत्राचा छेद शून्य होतो, कारण तेथील स्पर्शिका उभी आहे. देकार्तच्या पर्णाच्या बाबतीत आरंभबिंदूपाशी ०/० असे अनिर्णित रूप येते. तेथे वक्र स्वतःलाच छेदतो आणि दोन्ही अक्ष त्याच्या स्पर्शिका असतात. कोणत्या अटींखाली असे फलन निश्चितपणे अस्तित्वात असते, हे अव्यक्त फलन प्रमेय सांगते. वास्तव चलांसाठीच्या या प्रमेयाशी इटालियन गणितज्ञ उलिस्से दीनी यांचे नाव निगडित आहे.

== इतिहास ==

अध्यापनात ही पद्धत व्यक्त फलनांनंतर येते, इतिहासात मात्र क्रम जवळजवळ उलटा आहे. सतराव्या शतकातील गणितज्ञांपुढे फलने नव्हती, वक्रांची समीकरणे होती. रने देकार्त यांनी १६३८ मध्ये वरील पर्णाकृती वक्र प्येर द फेर्मा यांच्या स्पर्शिका काढण्याच्या रीतीला आव्हान म्हणून पुढे केला. फेर्मा यांनी त्याची स्पर्शिका काढून दाखवली. आयझॅक न्यूटन यांनी १६७१ च्या सुमारास लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवाहगणितावरील ग्रंथात क्ष³ − अक्ष² + अक्षय − य³ = ० (अ हा स्थिरांक) हे समीकरण उदाहरणादाखल घेतले आहे. त्यात क्ष व य दोन्ही काळाबरोबर बदलणाऱ्या राशी मानून, य वेगळा न काढता, त्यांच्या बदलाच्या दरांमधील संबंध शोधला आहे.