समीक्षक सरकारी खुर्चीत बसला तेव्हा

कलावंताला सरकारने पैसे द्यावेत का, यावर आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी वाद पेटतो. कुणाला तरी पुरस्कार मिळतो, कुणाचं तरी मानधन थकतं, आणि मग सगळेच तुटून पडतात. या भांडणात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत गुंततात. माणूस गुणी आहे का? आणि माणूस अडचणीत आहे का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे मला नीट उमगलं ते नव्वद वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कलासमीक्षकामुळे.

फोर्ब्स वॉटसन न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून चित्रांवर लिहायचे. आधी 'इव्हनिंग पोस्ट', मग 'वर्ल्ड'. १९२३ पासून ते 'द आर्ट्स' या मासिकाचे संपादक झाले. त्या काळात अमेरिकेतली पैसेवाली मंडळी पॅरिसकडे डोळे लावून बसलेली असायची. आपल्याच देशातल्या हयात चित्रकारांकडे जरा बघा, हे वॉटसन यांचं सततचं म्हणणं. मासिकाला पैसा पुरवायच्या गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी. न्यूयॉर्कचं व्हिटनी म्युझियम काढलं त्याच या बाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३१ साली मासिक बंद पडलं.

तोवर महामंदीने देश पोखरला होता. हात आखडला की माणूस सगळ्यात आधी चित्र घेणं थांबवतो, त्यामुळे चित्रकारांचे हाल विचारू नका. मे १९३३ मध्ये जॉर्ज बिडल या चित्रकाराने आपले जुने शाळासोबती, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. मेक्सिकोचं सरकार चित्रकारांना मजुरी देऊन सरकारी इमारतींच्या भिंती रंगवून घेतं, मग आपण का नाही, असा त्याचा आशय. डिसेंबर १९३३ मध्ये 'पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट' सुरू झाला. कारभार अर्थखात्याकडे, प्रमुख एडवर्ड ब्रूस. हे गृहस्थ वकील, व्यापारी आणि चित्रकारही. कला जाणणारा माणूस म्हणून त्यांनी जोडीला घेतलं वॉटसन यांना. हुद्दा तांत्रिक संचालकाचा.

देशाचे सोळा विभाग पाडले, प्रत्येकाला स्थानिक समिती दिली. चित्रकारांना आठवड्याचा पगार मिळू लागला. विषय एकच, अमेरिकन जीवन. शेतं, कारखाने, रस्ते, बंदरं, खाणी, काय हवं ते रंगवा. काम जेमतेम सहा-सात महिने चाललं, पण तेवढ्यात ३,७४९ कलावंतांनी १५,६६३ कलाकृती केल्या. खर्च तेरा लाख डॉलरच्या आसपास. १९३४ च्या वसंतात वॉशिंग्टनच्या कोरकोरन गॅलरीत त्यातल्या पाचशेच्या वर कलाकृतींचं प्रदर्शन भरलं, आणि रूझवेल्ट दांपत्याने बत्तीस चित्रं व्हाइट हाऊससाठी निवडली.

वॉटसन यांचं श्रेय मला इथे दिसतं. ही खैरात आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. चित्र काढणं हे काम आहे, कामाला मजुरी असते, आणि ते काम चांगलंच व्हायला हवं, असा त्यांचा आणि ब्रूस यांचा आग्रह होता. कलावंताला याचक न करता पैसे देण्याची ती रीत होती.

पण गाडी अडली तीही इथेच. योजनेचा पैसा आला होता बेकारी हटवण्याच्या निधीतून. निवड मात्र होत होती गुणवत्तेवर. आणि गुणवत्ता ठरवणार कोण? न्यूयॉर्क विभागाच्या प्रमुख होत्या व्हिटनी म्युझियमच्या संचालिका ज्युलियाना फोर्स. म्हणजे ज्या गोटाच्या पैशावर वॉटसन यांचं मासिक चाललं, तोच गोट आता सरकारी पगार वाटायला बसला. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण बाहेर रांगेत उभ्या असलेल्या उपाशी चित्रकाराला काय वाटलं असेल? बेकार कलावंतांनी संघटना बांधली, म्युझियमवर मोर्चे नेले. आम्हाला भूक आहे, तुमची पसंती कशाला हवी, असा त्यांचा सवाल होता. शेवटी मार्च १९३४ मध्ये फोर्सबाईंना म्युझियम मुदतीआधीच बंद करावं लागलं.

दुसरी अडचण सरकारच्या तळहाताखाली असण्याची. सुट्टीवर किनाऱ्याला उतरलेले दारुडे खलाशी पॉल कॅडमस यांनी याच योजनेत रंगवले. नौदलाच्या एका निवृत्त ॲडमिरलने आरडाओरडा केला आणि कोरकोरनच्या प्रदर्शनातून ते चित्र काढून घेतलं गेलं. अमेरिकन जीवन रंगवा म्हणायचं, आणि ते जरा जास्तच खरं उतरलं की खाली उतरवायचं!

या अनुभवानंतर सरकारने जे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. दोन प्रश्नांसाठी दोन वेगळी दारं उघडली. ऑक्टोबर १९३४ मध्ये अर्थखात्याने चित्र-शिल्प विभाग काढला. तिथे पुन्हा ब्रूस आणि वॉटसन. नव्या पोस्ट ऑफिसांसाठी आणि न्यायालयांसाठी चित्रं हवी होती, तर स्पर्धा घ्यायची, आराखड्यावर नाव नाही, नाव बंद पाकिटात. इथे गरज विचारायची नाही, फक्त काम बघायचं. आणि ऑगस्ट १९३५ पासून होल्गर केहिल यांच्या हाताखाली 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' सुरू झाला. तिथे बहुतेक भरती मदतीच्या यादीतून, म्हणजे आधी गरज. गंमत बघा, जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको, ली क्रॅस्नर यांना वाईट काळात पगार मिळाला तो या दुसऱ्या दारातून. जगाने त्यांना मोठं म्हटलं ते पुढे कितीतरी वर्षांनी.

म्हणून समितीत जाणकार नकोत असं मी म्हणणार नाही. वॉटसन नसते तर त्या योजनेला कलेची नजरच मिळाली नसती. पण ते आत गेल्यावर बाहेरचा एक टीकाकार कमी झाला. खुर्चीत बसूनही ते लिहीत राहिले, फक्त आता ते योजनेची बाजू मांडणारं लेखन होतं. ज्याने सरकारी चित्रांवर सगळ्यात कठोर लिहायला हवं होतं, तोच त्यांचा वकील झाला.

पुढच्या वेळी एखादी मानधन यादी नाहीतर पुरस्कार यादी आली की भांडण्याआधी मी तीन गोष्टी विचारणार आहे. हा पैसा गुणासाठी आहे की गरजेसाठी? निवडणाऱ्याला नाव दिसत होतं की पाकीट बंद होतं? आणि निवडणारा आत बसला असेल, तर त्याच्यावर लिहायला बाहेर कुणी उरलंय का?