दर्याची राखण आणि पगाराची वही

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर माझी १९९४ ची हिशोबाची वही हाती लागली. पुतण्याला दाखवली. तो किनाऱ्यावर जीवरक्षक आहे. वाचून हसला आणि म्हणाला, "काका, आकडे तेवढे बदलले." म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही पेडणे तालुक्यातले. १७८८ मध्ये पेडणं पोर्तुगिजांकडे गेलं, तरी आमच्याकडे शाळा, पत्रं, भजनं, दशावतार सगळं मराठीतच राहिलं. आजोबा रापणीवर वाटेकरी होते. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं मोठं जाळं. दोन्ही दोरांना माणसं लागायची, अख्खा वाडा सकाळपासून दर्याकडे डोळे लावून असायचा. कुणी ओढीत सापडला की हेच लोक उडी घ्यायचे. त्याचा पगार नव्हता. वाचलेल्याच्या घरून फार तर नारळ यायचा. कुणी पैसे पुढे केले तर आजोबा म्हणायचे, "जीव वाचवल्याचे पैशे घेवचे नसतत."

मला पोहायला त्यांनीच शिकवलं. दर्याच्या ओढीशी भांडायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं जायचं, ओढ संपली की मग वळायचं. आणि बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही, तो मिठी मारून आपल्यालाही खाली नेतो. आजही प्रशिक्षणात हेच शिकवतात.

मुक्तीनंतर दोन गोष्टी एकाच काळात घडल्या. यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापणीची मासळी घटली. रापणकारांनी सत्तरच्या दशकात मोठं आंदोलन केलं, १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदाही झाला, पण पोरं धंद्यातून निघाली ती निघालीच. त्याच वर्षांत कळंगुट-हणजूणला हिप्पी आले, पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चार्टर विमानं सुरू झाली. म्हणजे पाण्यात उतरणारे वाढले आणि किनाऱ्यावरून पाहणारे डोळे कमी झाले. फुकट होणारी राखण पगारी कधी झाली, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

मी १९९४ मध्ये बार्देशातल्या एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर लागलो. वहीत लिहिलंय: पगार १,२०० रुपये. खोलीचा माझा वाटा २५०, खाणावळ ४५०, घरी आईला ४००. उरले १००. चांगलं वाटतं ना? पण नोकरी ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हॉटेल रिकामं, आम्हालाही घरी पाठवायचे. आठ महिन्यांचे ९,६०० बारा महिन्यांवर पसरले की महिना ८०० च पडतो. शिल्लक साठायची ८०० आणि पावसाळ्यात घराला लागायचे १,६००. बाकीची उधारी वाण्याकडे. त्याची वही माझ्या वहीपेक्षा जाड होती! चार हंगाम काढले आणि मी कारकुनी धरली.

२००८ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर राखणीची पद्धतशीर व्यवस्था सुरू झाली. मनोरे, लाल-पिवळे झेंडे, शिट्ट्या, जेट-स्की. काम खासगी कंत्राटावर, पण बारमाही. पुतण्या पुढे याच कामात शिरला. पावसाळ्यात लाल झेंडा लागतो तेव्हा तर काम वाढतं, कारण पोहायला बंदी असूनही लोक उतरतात. त्याला माझ्यासारखा चार महिन्यांचा खड्डा नाही, ही खरीच सुधारणा.

पण आता खर्चाचं तोंड दुसरीकडे उघडलंय. मोरजी, मांद्रे, हरमल इथली खोली पर्यटकाला दिवसाच्या भावाने जाते, ती कामगाराला महिन्याच्या भावाने कोण देणार? २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून जमिनीचे भाव विचारायची सोय नाही. आमचं स्वतःचं घर आहे म्हणून पुतण्याचं भागतं. त्याच्या बरोबरीचा सिंधुदुर्गातला मुलगा तिघांत एक खोली करून राहतो. ज्या समुद्रातून माणसं काढतो, त्यातला बांगडा विकत घेताना दोनदा विचार करतो.

पुतण्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी एकच विचारलं, "कायम की कंत्राटी?" त्याच आठवड्यात त्याने आठ-नऊ वर्षांच्या पोराला ओढीतून बाहेर काढलं होतं. ते त्याने सांगितलं नाही. मीच सांगितलं. व्याही गप्प झाले, मग म्हणाले, "ते मोठंच काम, पण पन्नाशीत हा पोहेल का?" प्रश्न चुकीचा नव्हता. धावण्या-पोहण्याची वेळ दरवर्षी मोजली जाते आणि वय थांबत नाही. सरकारी सेवेत घ्या म्हणून जीवरक्षकांनी पणजीत आंदोलनं केली, ती याच प्रश्नापायी. लग्न झालं, पण प्रश्न अजून घरातच आहे.

आजोबांचं वाक्य मला पटायचं. आता वाटतं, त्यांना जिवाचे पैसे नको होते, कारण जाळ्यातला वाटा होता. पुतण्याचं जाळंच नाही, त्याला पगारच पुरला पाहिजे.

तुमच्या घरात कुणी तलावावर, नदीघाटावर, होडीवर राखणीचं काम केलं असेल, तर तेव्हाचा पगार आणि तेव्हाचा बाजारभाव जरूर लिहा. या वह्या जपायला हव्यात.